दुरून हृदय पाहण्याचा इतिहास आणि बालाघाट

हृदयावर दुरून नजर ठेवणे ही स्मार्ट मनगटी घड्याळांच्या जमान्यातली गोष्ट, असा आपला समज आहे. पण 1905 मध्येच लायडनच्या विलेम आइंटहोवेन यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातल्या रुग्णांचे ईसीजी टेलिफोनच्या तारेवरून आपल्या प्रयोगशाळेत उतरवून घेतले होते. गोंदियाहून आजच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटमार्गे सातपुड्यात नॅरोगेज रेल्वे चढली तीही याच सुमारास. 1956 पर्यंत नागपूर ही बालाघाट ज्या राज्यात होते त्याची राजधानी होती. पुढे नागपूर दुसऱ्या राज्यात गेले, तरी मोठ्या दुखण्याची वाट गोंदिया-नागपूरचीच राहिली.

1947 मध्ये नॉर्मन होल्टर यांनी पाठीवर वागवलेले ईसीजीचे यंत्र सुमारे 38 किलोचे होते. आज तेच काम छातीवरची लहानशी पट्टी करते. यंत्र लहान झाले, पण त्याने पाठवलेली खूण पलीकडे कोण वाचणार, हा प्रश्न तेवढाच मोठा राहिला. दूरनिगराणीचा उपयोगच नाही, असे म्हणणारे 2010 च्या अमेरिकी चाचणीकडे बोट दाखवतात. तिच्यात हार्ट फेल्युअरचे, म्हणजे हृदयाचे पंपिंग कमजोर झालेले, 1653 रुग्ण होते आणि मृत्यू किंवा पुन्हा भरती होणे कमी झाले नाही, हे खरेच. मात्र तिथे रुग्णाने रोज फोन करून यंत्राच्या आवाजाला उत्तरे द्यायची होती, आणि अनेकांनी ते हळूहळू सोडले. 2018 मध्ये जाहीर झालेल्या, अशाच रुग्णांवरच्या जर्मन चाचणीत रोजचे वजन, रक्तदाब, ईसीजी आणि ऑक्सिजन पाहायला डॉक्टर-नर्स चोवीस तास बसलेले होते. तिथे नेहमीच्या उपचारात वर्षाला शंभरामागे सुमारे 11 मृत्यू झाले, तर निगराणीखालच्या गटात सुमारे 8. माझ्या मते या दोन निकालांमधला फरक माणसाचा आहे.

बालाघाटमधल्या बैहर-परसवाड्याच्या जंगलपट्ट्यात अनेक ठिकाणी मोबाईलला रेंज नसते, तिथे ही दूरनिगराणी कशी चालणार, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण हार्ट फेल्युअर बळावताना अंगात पाणी साठते. तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढते, नडगीवर अंगठा दाबला तर खळगा तसाच राहतो, आडवे झाले की धाप लागते. हे ओळखायला वजनकाटा आणि शिकवलेली आशाताई पुरते. तिचा निरोप घेऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने लघवीच्या गोळीचा डोस त्याच दिवशी ठरवणारी एक नर्स आधी जिल्हा रुग्णालयात नेमावी. घड्याळांची खरेदी त्यानंतर करावी.