ताटातला आकडा

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मनोर किंवा चारोटीच्या आसपास एखाद्या मोठ्या साखळी हॉटेलात आपण जेवायला थांबलो, तर पदार्थाच्या नावासमोर दोन आकडे असायला हवेत. एक रुपयांचा, दुसरा कॅलरींचा. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०२० साली तसे विनियम काढले आणि १ जुलै २०२२ पासून त्यांचा अंमल ठरला. ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे किंवा ज्यांच्या दहा अथवा त्याहून अधिक शाखा आहेत, त्यांनाच हे बंधन आहे. बोईसर स्टेशनाबाहेरची खानावळ, पालघरच्या नाक्यावरची वडापावची गाडी, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतली चहाची टपरी यांना ते लागू नाही.

असे बंधन असावे का, यावर दोन्ही बाजूंनी बोलले जाते. कुणी म्हणतो, खाणाऱ्याला कळलेच पाहिजे. कुणी म्हणतो, जेवताना हिशेब कसला मांडता? मी कविता लिहिणारा माणूस. मात्रा मोजायची मला सवय आहे, पण घरी सणाला बिर्याणीची डेग चढते तेव्हा तीत किती कॅलरी हे कुणी विचारत नाही. तरीही मला वाटते, उत्तर देण्याआधी एक गोष्ट पाहावी. आजवर कुणाचे अन्न कुणी मोजले आणि ते कशासाठी?

आपल्या मुंबई इलाख्यापासूनच सुरुवात करू. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. सरकारने दुष्काळी कामे काढली. सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने १८७७ च्या सुरुवातीला असे ठरवले, की अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरे. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. एवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. पुण्याच्या सार्वजनिक सभेने याला विरोध केला. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनीही हे अन्न अपुरे असल्याचे सांगितले. माप ठरवणारा एक आणि खाणारा दुसरा, अशी ही व्यवस्था होती. खाणाऱ्याला कुणी विचारले नव्हते.

तेव्हा कॅलरी हा शब्द आहाराच्या हिशेबात रुळलेला नव्हता. तो मुळात उष्णतेच्या शास्त्रातला. १८२० च्या सुमारास पॅरिसमध्ये निकोलस क्लेमां हे शास्त्रज्ञ आपल्या व्याख्यानांत तो वापरत. पुढे १८९० च्या दशकात अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी माणसाला एका बंद खोलीत ठेवून त्याच्या अंगातून बाहेर पडणारी उष्णता मोजली. एक ग्रॅम पिष्टातून किंवा प्रथिनातून सुमारे चार कॅलरी मिळतात आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून नऊ, हा आजचा हिशेब त्यांच्याच कामातून आला. आपल्याकडे कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून वॉलेस आयक्रॉईड यांनी १९३७ साली भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्याची पुस्तिका काढली. भात, ज्वारी, मासे, डाळी या आपल्या रोजच्या जिनसांचे आकडे अशा रीतीने कागदावर आले.

स्वातंत्र्यानंतर या आकड्याचे महाराष्ट्रात मोठे राजकारण झाले आणि मोठा वादही झाला. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी ‘भारतातील दारिद्र्य’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी दिवसाला २,२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च ज्याला परवडत नाही तो गरीब, अशी रेषा त्यांनी आखली. १९६०-६१ च्या हिशेबाने त्या रेषेखाली खेड्यांतील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील ५० टक्के लोक होते. नियोजन आयोगाच्या कार्यगटाने १९७९ साली ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० कॅलरी धरल्या.

यावर आक्षेप घेतला तो पां. वा. सुखात्मे यांनी. हे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ. रोमच्या अन्न व कृषी संघटनेत त्यांनी संख्याशास्त्र विभाग सांभाळला होता. त्यांचे म्हणणे असे, की एकाच माणसाची गरजही रोज सारखी नसते. शरीर काही मर्यादेत जुळवून घेते. सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी आहे, असे मानणे चूक आहे. दांडेकरांना हे पटले नाही आणि तो वाद बराच काळ चालला. दोघेही मराठी, दोघेही तळमळीने बोलणारे, आणि विषय एकच: गरिबाच्या ताटातला आकडा.

नव्या विनियमांप्रमाणे फलकावर आणखी एक ओळ लिहावी लागते. सक्रिय प्रौढाला सरासरी दिवसाला २,००० कॅलरी लागतात, मात्र गरज व्यक्तीप्रमाणे बदलू शकते. तिच्या शेवटच्या शब्दांत सुखात्म्यांचे म्हणणेच थोडक्यात आले आहे. तारापूरच्या वसाहतीत दिवसभर पोती उचलणारा आणि त्याच कारखान्यात टेबलाशी बसणारा, या दोघांना एकच आकडा लागू पडत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. परदेशात हा नियम आधीच आला होता. न्यूयॉर्क शहराने २००८ मध्ये, संपूर्ण अमेरिकेने २०१८ मध्ये आणि इंग्लंडने २०२२ मध्ये मोठ्या हॉटेलांना तो लावला. त्याचा परिणाम किती? २०२५ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार, कॅलरी लिहिल्याने लोकांची निवड सरासरी दोन टक्क्यांहूनही कमी बदलते. म्हणजे ६०० कॅलरींच्या जेवणात सुमारे ११ कॅलरींचा फरक पडतो. फार मोठा नाही. पण फरक लहान म्हणून माहिती दडवावी, असे होत नाही. वजनकाट्यावर पाव किलो दिसते, म्हणून कुणी कमी साखर खातो असे नाही. तरी काटा लागतोच.

म्हणून मोठ्या साखळी हॉटेलांवरचे बंधन मला योग्य वाटते. त्यांचा मसाला, तेल, भांडे सगळे ठरलेले असते. आकडा देणे त्यांना कठीण नाही. पण बोईसरच्या खानावळीत बाई आज चमचाभर तेल जास्त घालते, उद्या कमी. तिला कॅलरी लिहायला लावले, तर ती कुठून तरी उतरवलेला खोटा आकडा लावील. तिने ताटात किती भात आणि किती मासा वाढते, तेवढे माप लिहिले तरी पुरे. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत तसेच होते: ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण, १५० ग्रॅम भात. हे माप कुणालाही समजते.

आणि एक गोष्ट आपल्या जिल्ह्याची. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, पण त्यातल्या जव्हार-मोखाड्याचे नाव राज्याला आधीच ठाऊक होते. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली. २०१६ मध्ये मोखाड्यातून पुन्हा तशाच बातम्या आल्या. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या परिशिष्टात या मुलांचेही आकडे आहेत. मूळ कायद्यात सहा वर्षांखालील बालकाला अंगणवाडीतून दिवसाला ५०० कॅलरी, गरोदर व स्तनदा मातेला ६००, कुपोषित बालकाला ८०० असे ते होते. यांत प्रथिनांचे प्रमाणही ठरवून दिलेले आहे.

महामार्गावरच्या हॉटेलात जास्त खाणाऱ्याला त्याचा आकडा पाटीवर मिळतो. मोखाड्याच्या पाड्यावरच्या आईलाही तिच्या मुलाच्या हक्काचा आकडा तसाच समोर मिळायला हवा. कॅलरी हा शब्द तिच्या कामाचा नाही. मुलाच्या वाट्याला आज किती भात, किती डाळ, किती अंडी आली पाहिजेत, एवढे अंगणवाडीच्या दारावर लिहिलेले असावे आणि वाचता न येणाऱ्याला सेविकेने वाचून दाखवावे. खर्च होईल तो एका पाटीचा. मग वाढण्यात कमी पडले, तर ती आई ताट पुढे करून विचारू शकेल.