आधी जिंका, मग अवघड मागा

गेम उघडला की पहिला प्रश्न ठरलेला: सोपं, मध्यम की अवघड? १९९३च्या 'डूम'नेही हेच विचारलं होतं. पण ज्याने अजून एकही डाव खेळलेला नाही, तो सांगणार तरी काय? मधलं दाबायचं आणि मोकळं व्हायचं.

नोव्हेंबर २०१७मध्ये सिएटलच्या मेगा क्रिट या छोट्या स्टुडिओचा 'स्ले द स्पायर' अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला. खेळता खेळता पत्त्यांचा संच जमवायची युक्ती २००८च्या 'डॉमिनियन'ने गाजवलेली. मेलात की पुन्हा पहिल्यापासून, हा कायदा १९८०च्या 'रोग'चा. इथे मात्र सुरुवातीला तो प्रश्नच नाही. आयर्नक्लॅड घेतलात की हातात १० साधे पत्ते, चढा मनोरा!

अवघडपणा येतो जिंकल्यावर, 'असेन्शन' नावाने. एकूण २० पायऱ्या, एक जिंकली की पुढची उघडते, आणि मागचा जाच सुटत नाही, साठतच जातो. पहिलीवर एलीट शत्रू वाढतात. दहावीवर संचात एक शाप येऊन बसतो, तो काढताही येत नाही. विसावीवर तिसऱ्या अंकाच्या शेवटी एका बॉसच्या जागी दोन! शिवाय प्रत्येक पात्राची शिडी वेगळी.

म्हणजे तुमची पातळी तुम्ही सांगत नाही, तुमचे डाव सांगतात. मला हे पटतं. खटकतं एवढंच, की नेहमीच्या डावात शून्याच्या खाली पायरीच नाही. ज्याला एकदाही जिंकता येत नाही, त्याने जायचं कुठे?

२०२०मध्ये हा गेम आयफोनवर आला, २०२१मध्ये अँड्रॉइडवर. माझा आयर्नक्लॅड चौथ्या पायरीवर अडकलाय. तिथे बॉसचा मार वाढतो ना!