सुलतानपूरचे साडेतीन तास

निवृत्तीनंतर आई-बाबांना दोन नाद लागलेत: पक्षी आणि रस्ता. व्हॅनची मागची सीट काढून गादी टाकली, शेगडी, दुर्बीण आणि लाडवांचा डबा चढवला, की झालं त्यांचं फिरतं घर! गेल्या हिवाळ्यात ते लोणारला निघाले तेव्हा अस्मादिकही मागे लटकले. सिंदखेडराजा मागे पडलं आणि सुलतानपुरात फॅनबेल्ट तुटला. मेकॅनिक लग्नाला गेलेला. लोणार इतकं जवळ, आणि आम्ही टपरीवर चहा ढोसतोय. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन महिन्यावर आलेलं. ती सारखी उन्हाकडे बघत होती. "अंधारात मला काय दिसणार रे?"

बाबा इतिहासाचे मास्तर. वेळ काढायला त्यांनी लोणार सुरू केलं, आणि मी चक्क ऐकत बसलो.

'ऐन-इ-अकबरी'त लोणारची नोंद आहे, ती काच आणि साबणाचा कच्चा माल देणारी जागा म्हणून. म्हणजे दरबाराला तिथे महसूल दिसला. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. 1896 मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक गिल्बर्टने अॅरिझोनातल्या विवराचं कोडं सोडवताना लोणारचा दाखला दिला, आणि ते विवर ज्वालामुखीय वाफेच्या स्फोटाने झालं असा निकाल दिला. तो चुकला. लोणारच्या दगडात प्रचंड आघातानेच बनणारी काच सापडली आणि 1973 मध्ये उल्काघाताचा पुरावा प्रसिद्ध झाला. अलेक्झांडरपासून मोजलं तर दीडशे वर्षं! आमचे साडेतीन तास म्हणजे किस झाड की पत्ती.

पक्ष्यांचा नंबर तर आणखी उशिरा लागला. 2000 मध्ये अभयारण्य, 2020 मध्ये रामसर दर्जा. त्याच 2020 च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं. पाणी आटून खारटपणा वाढला आणि मीठ मानवणारे सूक्ष्मजीव फोफावले, असं पुण्याच्या आघारकर संस्थेने शोधलं. खारं पाणी म्हणजे मेलेलं पाणी, असं आपण धरून चालतो. इथे उलट आहे. या खाऱ्या पाण्यात शेवाळ वाढतं, काठच्या चिखलात किडे होतात, आणि त्यांच्यावर पक्षी जगतात. सांडपाणी किंवा जादा गोडं पाणी आत आलं तर हे गणित बिघडतं.

असो. लोणारला पोचलो तेव्हा मिट्ट काळोख होता. आई काहीच बोलली नाही. रात्र व्हॅनमध्येच काढली.

सकाळी उजाडताच दीडेकशे मीटर खाली काठावर उतरलो. चिखलात लालभडक पायांचे शेकाटे चरत होते. आईने दुर्बीण बाजूला ठेवली, बोटं मोडत सतरा मोजले. मी मोजले, सतराच.

"काल वेळेत पोचलो असतो ना," चढताना ती धापा टाकत म्हणाली, "तर वरूनच बघून परत फिरलो असतो."