वकीलपत्र कोणाचं?

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी २८ जानेवारी १९१६ रोजी बोस्टनचे वकील लुई ब्रँडाइस यांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी सिनेटकडे पाठवलं आणि एकच गदारोळ उठला. माजी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्यासह अमेरिकन बार असोसिएशनच्या सात माजी अध्यक्षांनी, हा माणूस या पदाला लायक नाही, असं लेखी कळवलं. हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष लॉवेल यांनीही विरोधाच्या अर्जावर सही केली. एवढ्या बड्या नावांच्या शब्दाखातर प्रकरण तिथेच मिटवता आलं असतं. सिनेटच्या उपसमितीनं मात्र फेब्रुवारीत उघड सुनावणी सुरू केली. अशा नेमणुकीसाठी तशी सुनावणी पूर्वी झालेली नव्हती. ब्रँडाइस तरले ते या उघडेपणामुळे, असं माझं ठाम मत आहे. कुजबुज तिथे चालणार नव्हती. कोणत्या प्रकरणात काय केलं, ते सांगावं लागत होतं.

लेनॉक्स प्रकरणच घ्या. कर्जात बुडालेला हा चामड्याचा कारखानदार १९०७ मध्ये ब्रँडाइस यांच्याकडे आला. मालमत्ता विश्वस्ताच्या हवाली कर, त्यातून धनकोंची देणी भागवू, असा सल्ला त्याला मिळाला आणि ब्रँडाइस यांचाच भागीदार विश्वस्त झाला. पुढे त्यांच्याच कार्यालयानं लेनॉक्सला दिवाळखोर ठरवण्यासाठी पावलं उचलली. तेव्हा लेनॉक्सचा नवा वकील शर्मन व्हिपल यानं विचारलं, मग तुमचा अशील तरी कोण? आपण एका माणसाचे नव्हे, तर साऱ्या परिस्थितीचे वकील आहोत, असा ब्रँडाइस यांच्या उत्तराचा मथितार्थ होता. हे उत्तर मला पटत नाही. दारात आलेल्या माणसाला, मी तुझा वकील नाही, हे पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगायला हवं होतं. पण त्यात लबाडी होती का? खुद्द व्हिपलनं समितीपुढे तसा आरोप केला नाही. चूक आणि अप्रामाणिकपणा यांतला फरक विरोधकाच्याच वकिलाच्या तोंडून नोंदला गेला.

मग इतका विरोध कशासाठी? ब्रँडाइस यांनी रेल्वे आणि विमा कंपन्यांशी झुंज घेतली होती. १९०८ च्या म्युलर खटल्यात कामगार स्त्रियांच्या दहा तासांच्या मर्यादेसाठी त्यांनी शंभराहून अधिक पानांचं निवेदन दिलं. त्यात कायद्याचा युक्तिवाद जेमतेम दोन पानं, बाकी सगळी श्रमाच्या परिणामांची माहिती. त्यातून त्या न्यायालयासाठी नाव आलेले ते पहिलेच ज्यू. ‘वृत्ती न्यायाधीशाची नाही’ या आक्षेपामागे हे सगळं दडलेलं होतं.

अखेर मतं पक्षानुसारच पडली, मग सुनावणीनं काय साधलं, असा आक्षेप घेता येईल. समितीचा १० विरुद्ध ८ हा निकाल खरोखरच पक्षाच्या रेषेवर लागला. पण विल्सन यांच्या स्वतःच्या पक्षातले काही सिनेटर कुंपणावर होते. आरोप गुलदस्त्यात राहिले असते, तर विरोधात जायला त्यांना तेवढं निमित्त पुरलं असतं. १ जूनला सिनेटनं ४७ विरुद्ध २२ मतांनी मान्यता दिली. तरीही एक उणीव राहिलीच. त्या काळच्या रिवाजानुसार ब्रँडाइस स्वतः समितीपुढे आले नाहीत. कार्यालयाची बाजू त्यांचे भागीदार मांडत राहिले. लेनॉक्सशी आणखी स्पष्ट का बोलला नाहीत, हा प्रश्न ब्रँडाइस यांनाच विचारायला हवा होता.