वास कोणाचा, वायू कोणता?

खोपटहून मुलांना ठाणे खाडीच्या काठी नेले, की ती नाक दाबतात. काळ्या चिखलातला तो कुजका वास हायड्रोजन सल्फाईडचा. खाऱ्या पाण्यातील सल्फेट वापरून जिवाणू सडका पालापाचोळा फस्त करतात, तेव्हा तो वायू निघतो. सल्फेट जिथे संपते, त्या खोलीवर दुसरेच सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. त्याला मात्र वासच नाही!

१७७६ साली अलेस्सांद्रो व्होल्टाने माज्जोरे सरोवराकाठचा गाळ काठीने ढवळला, बुडबुडे बाटलीत धरले आणि पेटवून पाहिले. समुद्रतळाशी काठी कशी पोहोचणार? तिथे ध्वनिलहरी सोडून गाळाच्या थरांचा आलेख काढतात. गाळात वायू असला की त्याचे बुडबुडे ध्वनी शोषतात, विखुरतात आणि खालचे थर आलेखावर दिसेनासे होतात. म्हणजे इथे न दिसणे हाच पुरावा.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील करिसिद्दय्या व वीरय्या यांनी १९९४ मध्ये आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळील अशा गाळावर लेख लिहिला. (बॉम्बे हायच्या खोल साठ्याशी याची गल्लत नको, तो वायू भूगर्भातील उष्णतेने बनला.) हा उथळ मिथेन हवेत जाऊन तापमानवाढीला हातभार लावत असेल, अशी शक्यता त्यांनी मांडली.

पण वाटेत एक पहारा आहे. २००० साली आंट्ये बोएटियस आणि सहकाऱ्यांनी समुद्रगाळात सूक्ष्मजीवांची जोडगोळी दाखवली. ती सल्फेटच्या साहाय्याने मिथेन वरच्यावर संपवते. त्यातून बाहेर काय पडते? पुन्हा सल्फाईडच!