शेवटपर्यंत चालू राहिलेला आवाज : कोलंबिया विद्यापीठाचे विद्यार्थी-रेडिओ केंद्र

१/
३० एप्रिल २०२४ ची रात्र. न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाची दारे बंद होती, रस्त्यांवर पोलीस उभे होते आणि बाहेरच्या बहुतेक वार्ताहरांना आत मज्जाव होता. आत काय घडते आहे हे जगाला सांगणारे जे मोजके आवाज त्या वेळी चालू होते, त्यांत ८९.९ एफएम हे विद्यार्थ्यांनी चालविलेले रेडिओ केंद्र होते. श्रोत्यांची एवढी गर्दी झाली की केंद्राचे संकेतस्थळच कोलमडले.

२/
या केंद्राचे नाव 'डब्ल्यूकेसीआर'. एरवी तेथे जॅझ ऐकू येते, बाख ऐकू येतो आणि 'राग और ताल' या कार्यक्रमात भारतीय शास्त्रीय संगीतही. मग संगीतात रमलेल्या विशीतल्या मुलांनी ती रात्र कशी निभावली? याचे उत्तर त्या एका रात्रीत सापडत नाही. ते केंद्राच्या ऐंशीहून अधिक वर्षांच्या कार्यक्रमांत दडलेले आहे.

३/
प्रारंभ साधाच होता. विद्यापीठातील रेडिओप्रेमी विद्यार्थ्यांचे एक मंडळ होते. त्यातून हे केंद्र घडले. १९४१ साली त्याला परवाना मिळाला. याच विद्यापीठात एडविन आर्मस्ट्राँग हे प्राध्यापक होते. फिलॉसॉफी हॉल या इमारतीच्या तळघरातील प्रयोगशाळेत त्यांनी खरखर टाळणारे एफएम प्रक्षेपण विकसित केले आणि १९३३ साली त्याची पेटंटे मिळविली. पुढे बड्या रेडिओ कंपन्यांशी चाललेल्या दीर्घ कोर्टकज्ज्यांनी ते खचले आणि ३१ जानेवारी १९५४ रोजी त्यांनी स्वतःचे जीवन संपविले. ज्या तंत्राने ते झिजले, त्याच तंत्रावर त्यांच्या विद्यापीठातील मुले पुढे बोलू-गाऊ लागली.

४/
आरंभीचे कार्यक्रम महाविद्यालयीन केंद्राला साजेसे होते : पाश्चात्त्य अभिजात संगीत, सामन्यांचे धावते वर्णन, परिसरातील बातम्या. केंद्राचा स्वभाव पालटला तो १९६८ साली.

५/
२३ एप्रिल १९६८ रोजी विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटले. त्यामागे दोन मुख्य कारणे होती. व्हिएतनाम युद्ध चालू असताना लष्करी संशोधन करणाऱ्या एका संस्थेशी विद्यापीठाचे संबंध होते. दुसरे असे की, शेजारच्या हार्लेम वस्तीतील लोक वापरीत असलेल्या मॉर्निंगसाइड उद्यानात विद्यापीठ व्यायामशाळा बांधीत होते. विद्यार्थ्यांनी पाच इमारती ताब्यात घेतल्या. त्यांपैकी हॅमिल्टन हॉल कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या ताब्यात होता.

६/
त्या आठवड्यात केंद्राचे विद्यार्थी वार्ताहर आंदोलनाच्या ऐन मध्यात होते आणि तेथून थेट वृत्तांत देत होते. ३० एप्रिलच्या पहाटे पोलीस आत शिरले. सुमारे ७०० जणांना अटक झाली. वृत्तपत्रांचे अंक सकाळी निघणार होते. शहराला हे घडत असतानाच कळत होते, ते बरेचसे या मुलांच्या तोंडून.

७/
या अनुभवानंतर केंद्राने स्वतःलाच एक प्रश्न विचारला. व्यापारी केंद्रे जे ऐकवितात तेच आपणही ऐकवायचे, तर आपण असावेच कशासाठी? 'पर्याय' हे केंद्राचे ब्रीद झाले. जे अन्यत्र ऐकू येत नाही ते येथे ऐकू यावे, असे ठरले. जॅझ, लॅटिन, ग्रामीण अमेरिकी संगीत, प्रायोगिक रचना, देशोदेशीचे संगीत यांना हक्काच्या वेळा मिळाल्या. जाहिराती नसल्यामुळे घड्याळाचा धाकही नव्हता.

८/
त्यातूनच केंद्राची सर्वांत प्रसिद्ध प्रथा रुजली, ती म्हणजे जन्मदिनाचे अखंड प्रसारण. चार्ली पार्कर, ड्यूक एलिंग्टन, जॉन कोल्ट्रेन यांच्या जन्मदिनी चोवीस तास केवळ त्यांचेच संगीत. एखादा थोर कलावंत निवर्तला की ठरलेले कार्यक्रम बाजूला सारून तासन्‌तास त्याचीच ध्वनिमुद्रणे. वर्षअखेरीस बाखचा उत्सव तर अनेक दिवस चालतो. एकच विषय, अखंड आणि शेवटपर्यंत : हे या केंद्राचे वळण.

९/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला या प्रथेतील एक गोष्ट विशेष रुचेल. लुई आर्मस्ट्राँग आपला जन्म ४ जुलै १९०० चा असल्याचे सांगत. त्यांच्या निधनानंतर बाप्तिस्म्याची नोंद सापडली. तिच्यात ४ ऑगस्ट १९०१ ही तारीख होती. केंद्राने काय केले? दोन्ही दिवस साजरे करण्याचे ठरविले! एक दिवस कलावंताच्या शब्दाचा, दुसरा दप्तरातील पुराव्याचा. तिथी आणि तारीख अशा दोन्ही जयंत्या पाहत वाढलेल्या महाराष्ट्राला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

१०/
या परंपरेचे मूर्तिमंत रूप म्हणजे फिल शाप. १९७० साली विद्यार्थी म्हणून ते माइकसमोर बसले आणि पुढे पन्नास वर्षे येथेच रमले. १९८१ पासून सकाळी त्यांचा 'बर्ड फ्लाइट' हा कार्यक्रम लागे. त्याचा विषय एकच : चार्ली पार्कर. एखाद्या ध्वनिमुद्रणाची तारीख, स्थळ, वादकांचा क्रम यांवर ते दीर्घकाळ बोलत. काही श्रोते कंटाळत, काही त्यासाठीच रेडिओ लावीत. ७ सप्टेंबर २०२१ रोजी त्यांचे निधन झाले.

११/
रात्री मात्र केंद्राचा रंग निराळा असे. १९९० ते १९९८ या काळात गुरुवारच्या मध्यरात्रीनंतर स्ट्रेच आर्मस्ट्राँग व बॉबिटो यांचा हिप-हॉपचा कार्यक्रम चाले. (या कथेतील हा तिसरा आर्मस्ट्राँग, मात्र हे टोपणनाव.) नास, नोटोरियस बी.आय.जी., जे-झी हे तेव्हाचे नवखे तरुण येथे येऊन गात. शहरभर मुले जागून कॅसेटवर कार्यक्रम उतरवून घेत आणि त्या कॅसेट हातोहात फिरत. १९९८ साली 'द सोर्स' या मासिकाने त्याला आजवरचा सर्वोत्तम हिप-हॉप रेडिओ कार्यक्रम म्हणून गौरविले.

१२/
मग ११ सप्टेंबर २००१ उजाडला. केंद्राचा अँटेना वर्ल्ड ट्रेड सेंटरवर होता. मनोऱ्याबरोबर तोही कोसळला. नव्या जागी पुन्हा बस्तान बसवून केंद्र उभे राहिले.

१३/
आता पुन्हा २०२४ कडे. १७ एप्रिल रोजी विद्यार्थ्यांनी गाझातील युद्धाच्या निषेधार्थ हिरवळीवर तंबू ठोकले. विद्यापीठाने इस्रायलशी संबंधित गुंतवणूक काढून घ्यावी, ही त्यांची मागणी होती. ३० एप्रिलच्या पहाटे काही आंदोलक हॅमिल्टन हॉलमध्ये शिरले. तीच इमारत, तीच तारीख. मधे छप्पन्न वर्षे. त्या रात्री पोलीस वाहनावरील शिडीने खिडकीतून आत उतरले.

१४/
केंद्राने संगीत थांबविले. वार्ताहर मुले दूरध्वनीवरून स्टुडिओत वृत्तांत देऊ लागली : काय दिसते, काय ऐकू येते, आपण कोठे उभे आहोत. ज्या गोष्टीची खात्री नव्हती, ती ती सांगत नव्हती. दोनच दिवसांनी पुलित्झर पारितोषिक मंडळाने कोलंबियातील विद्यार्थी पत्रकारांच्या त्या रात्रीच्या वार्तांकनाचा खास उल्लेख केला. एका वादकाच्या नोंदी चोवीस तास नीट तपासून सांगण्याची सवय ज्या केंद्राने पिढ्यान्‌पिढ्या लावली, त्याच्या मुलांना एका रात्रीचा वृत्तांत शेवटपर्यंत नेणे साधले, यात नवल नाही.

१५/
एक पेच मात्र कायम आहे. केंद्र विद्यार्थी चालवितात, पण परवाना विद्यापीठाच्या विश्वस्तांच्या नावे आहे. ज्यांच्या निर्णयाने पोलीस आत आले, त्याच संस्थेच्या परवान्यावर त्या कारवाईचा वृत्तांत प्रसारित होत होता. हा आवाज चालू राहिला तो मुलांच्या चिकाटीमुळे, आणि बटण कोणी बंद केले नाही यामुळेही.

१६/
भारतात हा प्रश्न निराळ्या रूपात उभा आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात देशातील पहिले परिसर-केंद्र सुरू झाले. पुढे पुणे विद्यापीठाचे 'विद्यावाणी', मुंबई विद्यापीठाचे 'मस्ट रेडिओ' आले. मात्र अशा केंद्रांना स्वतः मिळविलेल्या बातम्या देता येत नाहीत. फार तर आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकविता येतात.

१७/
म्हणजे येथील विद्यार्थी गाणे लावू शकतो, शेतीची माहिती देऊ शकतो, मुलाखत घेऊ शकतो. परंतु आपल्याच महाविद्यालयाच्या दारात काही घडले, तर माइक हाती असूनही ते बातमी म्हणून सांगण्याची मुभा त्याला नाही. कोलंबियाची ती रात्र येथे आली, तर तिची नोंद कोणाच्या आवाजात होईल?