ठिपक्यांची माणसे

राजांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. मी आज ठिपक्याचा लिहिणार आहे. दिवाळीच्या पहाटे अंगणात ठिपके मांडून रांगोळी काढणाऱ्या प्रत्येक गृहिणीला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की एक ठिपका सरकला तर सगळे कमळ वाकडे होते. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी जपानमधल्या काही तरुण चित्रकारांनी याच एका सत्यावर संसार उभा केला. त्यांनी काढलेली चिमुकली माणसे व्हिडिओ गेमच्या पडद्यावरून जगभर धावली. ती माणसे पुढे बिघडली कशी आणि त्यांना पुन्हा नीट कसे करायचे, हीच या लेखाची कथा.

आरंभ अमेरिकेत झाला. १९५७ साली रसेल कर्श या अभियंत्याने आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो यंत्राला वाचायला दिला. यंत्राने तो आडव्या १७६ आणि उभ्या १७६ चौकोनांत तोडला; प्रत्येक चौकोन एक तर काळा, नाही तर पांढरा. १९६५ साली अशा कणाला ‘पिक्सेल’ हे नाव छापील लेखात मिळाले. ठिपका चौकोनी ठेवला याचे कर्श यांना उतारवयात वाईट वाटे. ती निवड शहाणपणाची नव्हती असे ते म्हणत. पण गंमत अशी, की त्याच चौकोनावर एका नव्या कलेने घर बांधले.

१९८१ साली शिगेरू मियामोतो यांनी ‘डाँकी काँग’ या खेळासाठी एक सुतार काढला. तोच पुढे मारिओ म्हणून प्रसिद्ध झाला. त्याला मिशा का? कारण एवढ्याशा जागेत तोंड दाखवता येईना. टोपी का? कारण केस काढणे जमण्यासारखे नव्हते. पाटलोण आणि सदरा वेगळ्या रंगाचे का? हात हलताना दिसावेत म्हणून. ज्याला आपण त्या सुताराचे व्यक्तिमत्त्व म्हणतो, ते सारे अडचणीच्या पोटी जन्मले!

१९८३ साली जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ हे घरगुती यंत्र आले. त्यात पार्श्वभूमीला धक्का न लावता तिच्यावरून फिरणाऱ्या लहान चित्राला स्प्राइट म्हणत. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ परी किंवा यक्ष. ही परी मात्र मोठ्या गरिबीत राही. तिचा चौकोन ८ बाय ८ ठिपक्यांचा. रंग तीन; चौथा पारदर्शक, म्हणजे मागचे दिसू देणारा. असे चार चौकोन जोडले की १६ बाय १६चे एक माणूस होई, आणि त्या माणसाचे सारे रूप अवघ्या ६४ बाइट जागेत, म्हणजे इंग्रजीच्या एखाद-दोन ओळींना लागेल तेवढ्या जागेत, साठवले जाई. १९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, रंग तेवढा बदललेला. आपल्याकडे एकाच साडीतून थोरलीचे परकर-पोलके आणि धाकटीचे झबले निघे, त्यातलाच हा प्रकार.

अशा २५६ चौकोनांच्या माणसात डोळ्याला फार तर एखाद-दुसरा ठिपका येतो. तो एका घराने खाली गेला तर शूर योद्धा पेंगुळलेला दिसतो. म्हणून यातला कुठलाच ठिपका सहज पडलेला नसतो; प्रत्येक ठिपका कुणी तरी विचार करून ठेवलेला असतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढची सारी दुखणी तिच्या विस्मरणातून निघाली आहेत.

काळ पालटला. पडदे मोठे झाले, आणि जुनी माणसे नव्या पडद्यावर ताणून बसवण्याची वेळ आली. १९९५ साली निघालेला ‘क्रोनो ट्रिगर’ हा खेळ २०१८च्या फेब्रुवारीत संगणकासाठी पुन्हा विक्रीला आला, तेव्हा जुने चाहते हिरमुसले. माणसांच्या कडा पुसट, गुळगुळीत झालेल्या. जमिनीच्या तुकड्यांमधले सांधे डोळ्यांत भरणारे. तक्रारी एवढ्या झाल्या, की त्याच एप्रिलपासून कंपनीने दुरुस्त्या सुरू केल्या आणि मूळ ठिपके जसेच्या तसे दाखवण्याची सोय करून दिली.

माझ्या वर्गातली मुले हल्ली अशी चित्रे हौसेने काढतात, जुनी घेऊन त्यांत फेरफारही करतात. त्यांच्या चित्रांतही तीच दुखणी आढळतात. ती एकेक सांगतो. घरातल्या मुलांना उपयोगी पडतील.

पहिले दुखणे मापाचे. जुन्या चित्राच्या उभ्या ओळी २२४ आणि नव्या पडद्याच्या १०८०. भागाकार पुरा जात नाही. पडदा भरायचाच म्हटले, तर १८४ ओळी पाचपट उंच होतात आणि ४० ओळी चौपट. मग चालणाऱ्या माणसाचा एक डोळा मोठा, एक बारीक! उपाय सोपा आहे: दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पूर्णांकानेच मोठे करावे आणि उरलेली जागा काळी सोडावी.

दुसरे दुखणे गुळगुळीतपणाचे. मोठे करताना यंत्र दोन शेजारी रंगांची सरासरी काढून मध्ये नवे रंग भरते. फोटोला हे शोभते, स्प्राइटला नाही. काळ्या रेघेशेजारी पिवळा असेल तर मध्ये मळकट पट्टा येतो. यासाठी ‘निअरेस्ट नेबर’ नावाची रीत निवडावी. तीत जवळच्या ठिपक्याचाच रंग जसाच्या तसा घेतला जातो. फेरफार करतानाही मऊ कडेचा ब्रश दूर ठेवून पेन्सिल घ्यावी. चित्र फिरवायचे तर काटकोनातच फिरवावे; तिरके हवे असेल तर ते हाताने नव्याने काढावे.

तिसरे दुखणे साठवणीचे. जेपेग ही पद्धत चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे तुकडे करून त्यांतला बारकावा जागा वाचवण्यासाठी टाकून देते. कडांभोवती मग धुळीसारखे कण उठतात. पीएनजी ही पद्धत काहीच टाकत नाही, म्हणून स्प्राइट तिच्यातच ठेवावा. मात्र बिघडलेले जेपेग नंतर पीएनजी केल्याने सुधारत नाही. नासलेले दूध चांदीच्या भांड्यात ओतले म्हणून गोड होत नाही. तेथे रंग मोजावेत. मुळात पंधरा असतील आणि आता शेकडो दिसत असतील, तर प्रत्येक चौकोनाच्या मधला रंग घेऊन चित्र मूळ मापावर आणावे, आणि प्रत्येक रंग त्या पंधरांपैकी जवळच्या रंगाशी जुळवावा.

चौथे दुखणे कडेच्या फिक्या कडीचे. पांढऱ्या कागदावरून कापून घेतलेल्या माणसाभोवती अर्धपारदर्शक पांढुरकी झालर राहते आणि काळोख्या गुहेत ती चमकते. जुन्या यंत्रात ठिपका एक तर असे, नाही तर नसे, अर्धामुर्धा नसे. तोच नियम पुन्हा लावावा.

येथे कुणी विचारील, ‘म्हणजे लखलखीत चौकोन दिसले की मूळ चित्र मिळाले का?’ तसेही नाही. त्या चित्रकारांनी आपली माणसे जुन्या काचेच्या टीव्हीसाठी काढली होती. तो टीव्ही रंग थोडे पसरवी. १९९१ सालच्या ‘सॉनिक’ खेळातला धबधबा पाहा: फाईलमध्ये नुसत्या उभ्या पट्ट्या, एक आड एक. टीव्हीवर त्या एकमेकींत मिसळत आणि पाणी पारदर्शक वाटे. शिवाय २५६ ठिपक्यांची रुंदी त्या पडद्यावर ताणली जाई, म्हणून तेथे गोल दिसणारा चंद्र फाईलमध्ये थोडा उभट असे. पुसटपणा तेव्हाही होता. पण तो चित्रकाराने हिशेबात धरलेला होता. आजचे यंत्र त्याला न विचारता पुसते. फरक एवढाच, आणि तोच सगळा फरक आहे.

या कलावंतांची आठवण राहावी, अशी व्यवस्थाही फारशी नव्हती. जपानमधल्या काही कंपन्या खेळाच्या अखेरीस त्यांची खरी नावे देत नसत, टोपणनावांवर भागवत. म्हणून काझुको शिबुया या बाईंची हकीकत मला विशेष वाटते. १९८७ सालच्या ‘फायनल फँटसी’तली इवली माणसे त्यांनी ठिपका ठिपका ठेवून घडवली. त्याच मालिकेच्या सहाव्या भागाची २०१४ साली मोबाईलवर आवृत्ती निघाली, तेव्हा माणसे नव्याने, गुळगुळीत रंगवली गेली. पुष्कळ रसिकांना ती रुचली नाहीत. पुढे २०२१ आणि २०२२ मध्ये पहिले सहा भाग पुन्हा ठिपक्यांत आणायचे ठरले, तेव्हा त्या कामात कंपनीने शिबुयाबाईंनाच घेतले. चौतीस वर्षांनी तोच हात त्याच चौकोनांवर फिरला.

दुरुस्तीचा अर्थ मला येथे सापडतो. दुरुस्ती म्हणजे जुन्याला नवी झिलई देणे नव्हे. हा ठिपका येथेच का ठेवला, असे आधी ठेवणाराला विचारावे. तो भेटण्याजोगा नसेल तर चित्राला विचारावे. उत्तर मिळेपर्यंत यंत्राचा हात धरून ठेवावा.